दांडीला बांधलेलं रबर

वहिनी,

उद्या मला तुमच्या खटल्यात साक्ष द्यायची आहे.

आपल्या लाँड्रीतल्या चादरींच्या इस्त्रीचा रोलर पुढच्या दांडीला हात लागला की बंद पडतो. सारखा बंद पडायचा, म्हणून कुणीतरी केसांच्या रबरानं ती दांडी हलू नये अशी बांधून टाकली. कुणीतरी कशाला, मीच. माझी शिफ्ट संपली, रबर सोडायचं विसरले, तुम्ही त्या रोलरवर उभ्या राहिलात आणि उजव्या हाताची तीन बोटं गेली.

तुमचे वकील म्हणाले, "रबर नसतं तर बोटं वाचली असती का, कोर्ट एवढंच बघेल." वाचली असती. पण मालकाचा वकील म्हणतो, रबर तुम्हीच बांधलं, म्हणजे चूक तुमचीच. दादा मला म्हणतो, "तू आहेस म्हणून धीर आहे गं."

ते रबर कोर्टात पिशवीत ठेवलंय. त्यात एक लांब केस अडकलाय. तुमचे केस कानाखाली कधी गेलेच नाहीत, हे अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

आज सकाळी मी माझे लांब केस कापून आले. तुम्ही डाव्या हातानं चहा पुढे केलात आणि म्हणालात, "वन्सं, छान दिसतंय तुम्हाला."

तुमची,
वन्सं