पोट कमी करायला गेलो त्याची हकीकत

आदरणीय सौ. शर्मिलावहिनींना धाकट्या दिराचा, म्हणजे गुरुदासाचा, वाकून नमस्कार.

(वाकून असं लिहिलं खरं, पण आज प्रत्यक्षात वाकता येत नाहीये. कंबर धरली आहे. कारण पुढे येईलच.) तुमचे गुडघे कसे आहेत? दादाचा खोकला थांबला का, की अजून रात्री खिडकी उघडी टाकून झोपतो? इकडे सर्व ठीक. काजूला मोहोर बरा आहे, गाय गाभण आहे आणि शेजाऱ्यांशी सध्या बोलणं चालू आहे. 'पनवेलच्या स्थळाबद्दल गुरुवारपर्यंत हो की नाही ते कळव, त्रेचाळीस वर्षं झाली, यानंतर मी शोधणार नाही,' असं तुम्ही निक्षून सांगितलंत. उत्तर देतो. पण फोनवर तुम्ही मला बोलूच देत नाही, म्हणून पत्र लिहितोय. शेवटपर्यंत वाचा, मधेच दादाच्या हातात देऊ नका.

पनवेलच्या बाईंना पोट सुटलेला माणूस चालणार नाही, म्हणून तुम्ही कुरियरने बूट पाठवलेत आणि दर रविवारी डोंगरात लांबवर चालायचं फर्मान काढलंत. तुमच्याकडे शहरात म्हणे सुट्टीच्या दिवशी लोक पाठीला पिशव्या लावून डोंगर चढतात आणि परत येतात. तिथे चालत असेल. आपल्याकडे, वहिनी, माणूस नुसता चालत नाही. तो बाजाराला चालतो, बागेत चालतो, मयताला चालतो. उगीच चालणाऱ्याकडे लोक काळजीने बघतात. घरापासून पाणंद संपेपर्यंत मला जो भेटला त्याने 'खंय चल्लास?' विचारलं, आणि मी 'सहज' म्हटल्यावर प्रत्येकाचा चेहरा पडला. एकाने तर घरी भांडण झालं का म्हणून विचारलं. (घरी मी एकटाच असतो, हे त्याला ठाऊक आहे.)

सोबतीला तुकाराम होता. तुम्हाला आठवत असेल, एसटीतला ड्रायव्हर, आता निवृत्त झालाय. डोंगर ओलांडायचा, पलीकडच्या खोऱ्यात उतरायचं, नदीकाठाने बांद्याच्या रस्त्याला लागायचं आणि तिथून बसने परत, असा बेत होता. तुकाराम पायी चालतानाही गाडीच चालवतो. चढाला सावकाश, उताराला ब्रेक, आणि रानातल्या प्रत्येक वळणावर तोंडाने हॉर्न. (मी हसलो तर म्हणाला, पुढे गवा असला तर त्याला बाजूला व्हायला वेळ नको? गवा कुठेच दिसला नाही, त्यामुळे हॉर्नला नावं ठेवता येत नाहीत.)

कातळ संपून देवराई लागली तिथे खरी गोची झाली. राईतून जायचं तर तिथल्या राखणदार देवाला नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायला हवं, हे तुकाराम सोडणार नव्हता आणि मीही नको म्हटलं नाही. पण गाऱ्हाण्यात काम सांगावं लागतं. देवासमोर उभं राहून 'आमी सहज चललो' कसं म्हणणार? तुकाराम टोपी काढून क्षणभर अडला आणि मग खणखणीत आवाजात सुरू झाला. "बा देवा म्हाराजा! ह्यो तुझो गुरुदास आज तुझ्या वाटेक इलो हा. ज्या कामाक चललो हा, ता काम बेस होवंदे! त्येचा जा काय अडलेला आसात, ता सुटांदे रे म्हाराजा!" मी सवयीने 'व्हय म्हाराजा' म्हटलं. त्याच वेळी मागच्या वाटेवरूनही 'व्हय म्हाराजा' ऐकू आलं.

वळून बघतो तर गवताचा भारा घेतलेली एक म्हातारी. गोदूबाई तिचं नाव, राहणार पलीकडच्या खोऱ्यात, नदीकाठच्या वाडीत. "खंयच्या घरातले रे तुमी?" तिने विचारलं. वाटेवर मोठ्या माणसाने विचारलं तर नीट सांगावं, अशी आपल्याला शिकवण. मी घर सांगितलं, काजूची बाग सांगितली, भावंडं किती, कुलदैवत कोणतं, आणि लग्न झालेलं नाही हेही सांगून टाकलं. आता तुम्हीच बघा. अंगात धुतलेला शर्ट, पायात नवे बूट, बरोबर एक वडीलधारा माणूस, देवापुढे नारळ आणि त्रेचाळीस वर्षांच्या बिनलग्नाच्या माणसाचं अडलेलं काम! गोदूबाईने आमच्याकडे नीट बघून घेतलं, 'सावकाश येवा' म्हणाली आणि भारा डोक्यावर असताना जवळच्या वाटेने अशी सुटली की तुकारामनेही कौतुक केलं.

आम्हाला काय माहीत? आम्ही मजेत उतरत होतो. वहिनी, तो उतार तुम्ही बघायला हवा होता. वर दाट झाडी, मधून उन्हाचे कवडसे, एक शेकरू आमच्या डोक्यावरून या झाडावरून त्या झाडावर जात होतं, आणि वाटेतल्या व्हाळाचं वाहतं पाणी इतकं गार की मी दोनदा तोंड धुतलं. मला फार बरं वाटत होतं. फक्त तुमच्या बुटांनी दोन्ही टाचांना फोड आणले होते.

नदीकाठच्या वाडीत पोचलो तर गोदूबाईने हाक मारून आत बोलावलं, आणि तिच्या अंगणात खुर्च्या मांडलेल्या. गूळखोबऱ्याचे पोहे तयार. शेजारचे चारपाच जण इस्त्रीच्या शर्टांत बसलेले. तुकाराम पोह्यांची बशी घेऊन निवांत बसला. (तो म्हणतो, आपल्याला तेव्हाच कळलं होतं, पण पोहे गरम होते.) मला कळलं ते गोदूबाईची मुलगी आली तेव्हा. नम्रता तिचं नाव. वायंगणी, म्हणजे नदीच्या पाण्यावरच्या उन्हाळी भाताची लावणी अर्धी टाकून तिला बोलावून आणलेलं. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात तरव्याच्या रोपांची मूठ तशीच, आणि रागाने लाल.

"माका बघूक येवचा होता तर आदी सांगूक होया होता. थंय माझो तरवो सुकता."

मी उभा राहिलो. चारचौघांत खोटं बोलायला सुचलं नाही. म्हटलं, "मी कोणाक बघूक इलंय नाय. पोट कमी करूक चलतंय."

गोदूबाईचा चेहरा एवढासा झाला. आणि नम्रता हसली, वहिनी. अशी हसली की हातातली मूठ खाली पडली.

"पोट कमी करूक? मगे उतरा मळ्यात!"

टाचा इतक्या जळत होत्या की मी बूट काढले आणि खरोखरच उतरलो. गार चिखलात पाय गेले तेव्हा जीव शांत झाला. दुपार टळेपर्यंत मी तिच्या शेजारी लावणी केली. माझी ओळ वाकडी जायची, ती न बोलता सरळ करायची. मधेच नदीत बुडी मारलेला पाणकावळा दाखवायची. बाप गेल्यापासून हा मळा तीच बघते. अनेकांनी मागणी घातली, पण सगळ्यांना ती मुंबईला यायला हवी होती आणि तिला मळा सोडायचा नव्हता. मग बांधावर बसून पेज आणि भाजलेला सुका बांगडा खाल्ला. गैरसमज पूर्ण मिटला. कुणाचाच दोष नाही. शेवटची बस मिळाली.

एवढीच हकीकत. थोरांना नमस्कार, दादाला खिडकी लावायला सांगा.

तुमचा,
गुरुदास

ता. क. पोट आहे तेवढंच आहे. पेज तीनदा घेतली.

ता. क. पनवेलच्या बाईंना कृपया नाही कळवा. त्या चांगल्याच असणार, पण मला बघायला त्यांना पोट उतरेपर्यंत थांबावं लागेल.

ता. क. आता मुद्द्याचं. येत्या रविवारी दादाला घेऊन निघून या. गुडघ्यांसाठी तुकाराम गाडी आणणार आहे, डोंगर चढायचा नाही. आपल्यात मुलाने स्वतः जाऊन विचारायची पद्धत नाही आणि मला तुमच्याशिवाय दुसरं मोठं माणूस नाही. त्या दिवशी निघताना नम्रता बांधापर्यंत पोचवायला आली होती. गोदूबाई लांब आहे हे बघून हळूच म्हणाली, "परत इलस तर चुकान येव नको."