बाटलीच्या मानेवरची ओळ

३ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर मी बडबडते आणि तू नुसता हं हं करतोस, म्हणून खरी बातमी पत्रातच. माझी बाटली अखेर बाजारात चालली! तीच ती, खेळाडूंच्या नव्या पेयाची, जिचं वेष्टन आखताना तीन महिने माझ्या डोक्याचा भुगा झाला. निळ्यावर एकच केशरी पट्टा, बाकी सगळं कोरं. साहेब म्हणाले, बाटली उभ्या जागी धावतेय असं वाटतं. तू नाक मुरडशीलच, तरी तुझ्या शाळेच्या मैदानावरच्या पोरांसाठी एक खोका पाठवतेय.

घाई इतकी, की आमची नेहमीची रीतही राहून गेली. वेष्टन आधी सपाट छापतात, मग बाटलीवर चढवून गरम वाफ देतात, की ते आवळून अंगाला चिकटतं. अशी पहिली बाटली हातभर लांब धरायची, ऑफिसातल्या तिघांकडून वाचून घ्यायची, आणि मगच होकार द्यायचा. या वेळी मी सपाट कागद बघूनच होकार दिला. भिंगरीला सांग, आत्याची बाटली पिऊन पहिली आलीस तरच खाऊ मिळेल. वहिनीला नमस्कार.

तुझ्या लोभावर कायमचा हक्क सांगणारी,
धाकटी

११ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

दोनदा फोन केला, उचलला नाहीस. काल सरावाआधी भिंगरीने तुझ्या दोन बाटल्या संपवल्या, आत्याची म्हणून कौतुकाने. दुसऱ्या फेरीत छातीवर हात ठेवून खाली बसली ती आडवीच झाली. धडधड शर्टावरून दिसत होती. बारा वर्षांची पोर उचलून मी किती पळालो ते मलाच ठाऊक.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय प्यायली. मी बाटली पुढे केली. त्यांनी चष्मा काढला, पुन्हा लावला, शेवटी भिंग मागवलं. आत उत्तेजक आहे, पंधरा वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं मानेपाशी लिहिलंय म्हणे. मला ती मुंग्यांची रांग वाटली होती. बाकीच्यांना बाटल्या सराव झाल्यावर द्यायच्या होत्या, म्हणून ती पोरं बचावली. पोर शुद्धीवर आहे, पण ठोके अजून ताळ्यावर नाहीत. वहिनी माझ्याशी बोलत नाही, आणि तिचं बरोबरच आहे. मला एवढंच सांग, ती ओळ इतकी बारीक का?

तुझा,
दादा

१६ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. भिंगरीसाठी गोष्टींची दोन पुस्तकं पाठवत आहे. तिने पूर्ण विश्रांती घ्यावी. सूचना नियमाप्रमाणे छापलेली आहे आणि अक्षरांचा आकार कागदावर बरोबर भरतो. मी ऑफिसात चौकशी करत आहे. कामाचा व्याप असल्यामुळे आटोपते घेते.

कृपादृष्टी असू द्यावी,
धाकटी

२१ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

भिंगरी घरी आली. जिना चढताना मध्येच थांबते आणि आम्ही बघत नाही ना, ते बघते. महिनाभर मैदान बंद.

काल तुमच्या कंपनीचे एक गृहस्थ फळांची टोपली घेऊन आले. तोंडात साखर, हातात कागद. कागदावर लिहिलंय, सूचना स्पष्ट छापलेली होती आणि मी प्रशिक्षक असूनही ती न वाचता मुलीला बाटली दिली. सही केली की विषय मिटला. नाही केली तर चौकशी लागेल, मग होकार कुणी दिला तेही निघेल, असं जाता जाता म्हणाले.

लहानपणापासून तू काही लपवलंस की तुझं बोलणं इस्त्री केल्यासारखं होतं. मागचं पत्र तसं होतं. मी विचारत नाही. मी वाचलं नाही हे खरंच आहे, म्हणजे निम्मा कागद खराच की. शुक्रवारी ते पुन्हा येतील. वहिनी म्हणते, सही केलीत तर गाठ माझ्याशी आहे. पण तुझी नोकरी जाण्यापेक्षा मी चार बोलणी खाल्लेली बरी.

काळजी करू नकोस,
दादा

२४ मार्च

दादा,

सही करू नकोस. नमस्कार मागाहून.

ती ओळ मीच मानेवर सरकवली, समोरचा भाग कोरा दिसावा म्हणून. वेष्टन सगळ्यात जास्त तिथेच आवळतं, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. आणि अजून आहे. खोका पाठवायच्या आदल्या दिवशी कारखान्यातून भरलेली बाटली माझ्या टेबलावर आली होती. ती ओळ मलाच वाचता आली नाही. म्हटलं, कोण वाचतंय! तीन महिने सरकवून सरकवून ती माझ्या लेखी जागा अडवणारी एक रेघ झाली होती. मुलांना देऊ नका, असं ती सांगते आहे, हे खोका बांधतानाही मनात आलं नाही. मी खोटारडी निघाले दादा, आणि भित्रीसुद्धा.

आज साहेबांसमोर वेष्टनाचा सपाट कागद आणि बाटली शेजारी शेजारी ठेवली. ते म्हणाले, गप्प बस. मी तिथून उठून अन्न तपासणीच्या ऑफिसात सगळं लिहून दिलं. नोकरी जाईल. फोन करायला धजत नाही. तुझा आवाज ऐकला की पुन्हा गुळमुळीत बोलेन. म्हणून हे पत्र.

मला माफ करू नकोस, सही तेवढी करू नकोस.
धाकटी

२८ मार्च

वन्सं,

नेहमी 'धाकटे' म्हणून आशीर्वाद लिहिते. आज हात उठत नाही.

सही शुक्रवारी झाली. तुमचं पत्र आज, शनिवारी आलं. एक फोन केला असतात तर मी त्यांचा हात धरून ठेवला असता. पत्र दोनदा वाचून ते भरल्या ताटावरून उठले आणि कागद परत मागायला गेले. मिळेल असं मला वाटत नाही. त्या कागदाची नक्कल शाळेत आधीच पोचली आहे, आणि सोमवारपासून मैदानावर येऊ नका असा निरोपही आला आहे.

ते गेल्यावर भिंगरी माझ्याजवळ येऊन बसली. आत्याने मला प्यायला सांगितलं तेव्हा तिला माहीत होतं का, असं तिने विचारलं. खोटं माझ्याने सांगवत नाही, आणि खरं माझ्या तोंडून जायला नको. ती अजून उत्तराची वाट बघते आहे. तुम्ही या. आता पत्र नको. तिच्यासमोर बसून, तिच्याकडे बघून सांगा.

लोभ तुटला असता तर बोलावलं नसतं.
वहिनी