नकाशांच्या पुस्तकाची पाठ

३ जून

ती. अप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही दोन शब्द बोलून ठेवून देता, म्हणून लिहितो. लिफ्ट दुरुस्तीचं काम ठीक चाललंय. दिवसभर दुसऱ्यांच्या लिफ्ट चालू करायच्या आणि संध्याकाळी सहा जिने चढून घरी यायचं, कारण आमच्याच इमारतीची लिफ्ट बंद आहे. ताईला सांगा, हसेल.

धाकट्याच्या खटल्याचं कुठवर आलं? गोदामाची किल्ली देत नाही म्हणून ठेकेदाराने त्याच्या डोक्यात पहार घातली, ते जिन्यावरून पाहणारा मी एकटाच. पोलिसांना जबाब देऊन इकडे परदेशी निघालो तेव्हा वकील म्हणाले होते, कोर्टाचं बोलावणं तुमच्या दुकानाच्या पत्त्यावर येईल. ते आलं की लगेच कळवा. मी तयार आहे.

तब्येतीला जपा. तुमची माया आहेच, ती कधी पत्रातही उतरू द्या.

आपला,
ढब्बू


२९ जून

चि. ढब्बूस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. कोर्टाचं काम सावकाश चालतं. अजून काही आलेलं नाही. आलं की बघू.

दुकानात शाळेच्या वाचनालयाची दीडशे पुस्तकं बांधायला आली आहेत. खळ शिजवून हात चिकट झालेत. मधल्या वेळात धाकट्याचं नकाशांचं पुस्तक नव्याने बांधलं. पाठ खिळखिळी झाली होती, आत रद्दी कागदाची पट्टी घालून मजबूत केली. तुला पाठवतो आहे. जपून ठेव.

जेवणाची आबाळ करू नकोस. तिथेच सुखी राहा, इकडची काळजी नको.

तुझे,
अप्पा


१४ डिसेंबर

चि. ढब्बूस,
आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, तरी लिहिते.

काल निकाल लागला. ठेकेदार सुटला. खटल्याचं सगळं अप्पाच बघत होते; मी सासरहून फक्त निकालाला गेले. वकील म्हणाले, प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार आलाच नाही. पोलिसांपुढचा जबाब तेवढ्यावर चालत नाही. साक्षीदाराला कोर्टापुढे बोलावं लागतं, आरोपीच्या वकिलाला त्याची उलटतपासणी घेता यावी लागते. मी म्हटलं, इतक्या लांबून तो येणार कसा? तर म्हणाले, यायची गरजच नव्हती. तिथल्या आपल्या वकिलातीत बसून पडद्यावरून साक्ष देता आली असती. तासाभराचं काम. हे ऐकून अप्पा कोर्टाच्या पायरीवरच बसले.

तुला एक तास मिळाला नाही? धाकटा तुझे शर्ट घालायचा म्हणून तू चिडायचास. शेवटी त्याच्या अंगावर तुझाच शर्ट होता रे. फोन करू नकोस, मी उचलणार नाही. काय ते लिहून कळव.

अजून तरी तुझी,
ताई


८ जानेवारी

चि. ढब्बूस,

बोलावणं तुला कधी पोचलंच नाही, असं तू ताईला लिहिलंस. तिने ते पत्र आणून माझ्यापुढे ठेवलं.

समन्स आलं होतं. मे महिन्यातच, तुझ्या पत्राच्या आधी. सही करून मीच घेतलं. त्याच आठवड्यात ठेकेदाराचा भाऊ दुकानात आला. वह्या बांधायचं विचारलं आणि जाताना म्हणाला, "थोरला परदेशात आहे ते बरंय. तिथेच राहू दे." मला वाटलं, साक्ष म्हणजे तुला इथे येऊन त्यांच्यासमोर उभं राहावं लागणार. दुसऱ्यांदा शिपाई आला तेव्हा मी सांगितलं, मुलगा घर सोडून गेला, पत्ता ठाऊक नाही. एक गेला होता, दुसरा हातचा जाऊ द्यायचा नव्हता. पडद्याचं मला कुणी सांगितलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही.

कागद फाडला मात्र नाही. आमच्या धंद्यात कागद टाकत नाहीत. नकाशांच्या पुस्तकाची पाठ ओल्या फडक्याने भिजवून हलक्या हाताने उकल, समन्स आत आहे. ते परत पाठव. मी खोटं बोललो असं लिहून दिलं तर वरच्या कोर्टात तुझी साक्ष घ्यायची विनंती करता येईल, असं वकील म्हणतात. ती मान्य होईलच असं नाही, आणि मला शिक्षाही होऊ शकते. मी सही करून दिली आहे.

तू येशील या भीतीने कागद लपवला. आता तू कधीच येणार नाहीस याची भीती वाटते. लोभ मागायला तोंड उरलेलं नाही. पाठ उकलताना पहिल्या पानाला तेवढी ओल लागू देऊ नकोस. तिथे धाकट्याने त्याच्या अक्षरात तुझं नाव घातलंय.

तुझे,
अप्पा