रिकाम्या खाटेचा ताप

सोमवार, ४ मार्च
एक्सेलमधला माझा मॅक्रो परत अडकला. 'टाइप मिसमॅच.' म्हणजे जिथे आकडा हवा, तिथे अक्षरं आलीत. वृद्धाश्रमातल्या सगळ्यांचा ताप सिस्टर टॅबलेटवर भरते, माझा मॅक्रो त्यातून तापकऱ्यांची यादी काढतो — डॉक्टर तीच घेऊन फेरीला निघतात. आज ते दारात ताटकळत उभे.

मंगळवार, ५ मार्च
सापडलं. एका ओळीत '36.8 अंश'. मॅक्रोला नुसता आकडा लागतो, पुढचं 'अंश' त्याच्या घशात अडकलं. ओळ इथेच राहणाऱ्या निवृत्त मास्तरांच्या बायकोची. त्या गेल्या महिन्यातच वारल्या — नाव काढायचं राहून गेलं होतं. मग भरलं कुणी?

बुधवार, ६ मार्च
सिस्टर म्हणाली, "मास्तर भरतात. बाईंच्या रिकाम्या खाटेवर थर्मामीटर ठेवतात, मग टॅबलेट मागतात. नाही दिला तर जेवत नाहीत. मी तरी काय करू?"

मास्तरांना म्हटलं, नुसता आकडा लिहा हो. चष्म्यावरून बघत राहिले. "छत्तीस काय? छत्तीस शेळ्या? एकक विसरणाऱ्याला मी भोपळा देत असे."

हसू आलं. आकडा मनाचाच असणार, गादीला कुठला ताप!

शुक्रवार, ८ मार्च
डॉक्टर म्हणाले, ओळ उडवा. उडवली. मॅक्रो सुरळीत.

शनिवार, ९ मार्च
मास्तर भिंत धरत धरत माझ्या टेबलापाशी आले. "तिला यादीतून काढलंत?" मी मान डोलावली. "आज तिचं अंग तापलंय. यादीत नाही तर डॉक्टर बघणार कसे?"

समजूत काढायला त्यांच्याबरोबर खोलीत गेले. पडदे ओढलेले. बाईंच्या चादरीखालून थर्मामीटर मी स्वतः काढला. 38.9. गादीवर हात ठेवला. कुणी नुकतं उठून गेल्यासारखी ऊब — नाही, उठून गेल्यासारखी नाही. कुणी निजल्यासारखी.

मास्तर हळूच म्हणाले, "अंश लिहायला विसरू नका."

रविवार, १० मार्च
नवऱ्याला सांगितलं. "थर्मामीटर बिघडला असेल." असेलही. तरी दुपारी सुट्टीच्या दिवशी ऑफिस उघडून ओळ परत घातली. मॅक्रोही बदलला — आता पुढे शब्द असला तरी तो आकडा तेवढा उचलेल.

सोमवार, ११ मार्च
मॅक्रो कुठेही थांबला नाही. यादीत सगळ्यात वर बाईंचं नाव. वाटलं, डॉक्टर खेकसतील. ते गेले, रिकाम्या खाटेशी वाकले, उशीच्या जरा खाली, छाती असते तिथे, हात ठेवला. बाहेर आले तेव्हा चेहरा उतरलेला. "उद्याही यादीत ठेवा," एवढंच म्हणाले.

बुधवार, १३ मार्च
मास्तर झोपेतच गेले. त्यांच्या तोंडावर चादर ओढून सिस्टर शेजारच्या खाटेकडे वळली, गादी चाचपली. "याही गार झाल्या," म्हणाली — आणि ती चादरही उशीवर ओढली.