गुडघ्यापर्यंतचा उजेड

मंगळवार, ४ नोव्हेंबर

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. बाबांचा खोकला गेला हे वाचून बरं वाटलं. मी ठीक आहे. जेवते, झोपते, वजन वाढलंय; तुझे नेहमीचे तिन्ही प्रश्न एकदाचे निकालात काढले.

भावोजींना नव्या गाडीबद्दल अभिनंदन सांग. "मेहुणीबाईंनी घडवलेले दिवे" म्हणून ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना गॅरेजच्या भिंतीवर उजेड पाडून दाखवतात म्हणे. वर काळोख, खाली उजेड, मधे पट्टीने आखल्यासारखी रेघ. समोरून येणाऱ्याचे डोळे दिपू नयेत म्हणून ती असते. दिव्याच्या आधीच्या भिंगातून थोडा उजेड रेघेच्या वर झिरपायचा. गाडी कंपनीच्या लोकांना तो मळकट दिसला. मी भिंगाचा आकार पुन्हा आखून तो जवळजवळ बंद केला. नियमापुरता, अगदी काठावर पास होण्याइतका ठेवला. टाळ्या पडल्या. मीही हरभऱ्याच्या झाडावर चढून बसले.

ताई, बाबा अजून संध्याकाळी फिरायला जातात का? त्याच रस्त्याने? जातातच. उगाच विचारलं.

मुलांची परीक्षा आणि गळका नळ यांच्या मधे तू गंमत म्हणून लिहिलंस, की भावोजी कामावरून येताना उताराच्या पायथ्याशी बाबा अचानक समोर उगवले, करकचून ब्रेक लागला, बाबांनी भर रस्त्यात जावयाला "डोळे आहेत की बटणं?" म्हणून झापलं, आणि घरी येऊन सगळे पोट धरून हसलात. त्या ओळी मी पुन्हा पुन्हा वाचल्या. भावोजींचे डोळे चांगले आहेत, ताई.

दुसऱ्या दिवशी मी चाचणीच्या बोगद्यात दिवा लावला. कारखान्यात आमचा एक लांबलचक, आतून काळा रंगवलेला बोगदा आहे. भर दुपारी डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नाही. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला गडद कोट घालून लांब उभं केलं. जुन्या भिंगातून तो अंधुक, पण अख्खा दिसला, तोंडासकट. माझ्या भिंगातून बूट दिसले. बूट आणि गुडघ्यापर्यंतची पँट.

"दिसतोय का मी?" तो तिकडून ओरडला.

आणि हा बोगदा सपाट आहे. तुमच्या उतारावर गाडीचं नाक खाली, समोर लगेच चढ. उजेड आणखीच जवळ पडतो. तिथे बूटसुद्धा दिसायचे नाहीत.

साहेबांना सांगितलं. म्हणाले, "अगं, नियमात बसतंय ना? मग साप साप म्हणून भुई कशाला धोपटतेस?" तरी मी भिंगावर बारीक खरबरीत पट्टा ठेवून एक नमुना करून घेतलाय, त्यातून थोडा उजेड पुन्हा वर जातो. उद्या गाडी कंपनीची माणसं येणार आहेत. रेघ मळकट दिसते म्हणतील. त्यांना दिव्यामागे बसवून, काळा कोट घालून मी स्वतः समोर उभी राहणार आहे. शोधू देत माझं तोंड. नोकरी राहते की जाते, देव जाणे. त्याची भीती वाटेल असं वाटलं होतं, पण सगळी भीती तुमच्या उतारावरच खर्च होतेय.

भिंग बदललं तरी भावोजींच्या गाडीत हेच राहणार. फोनवर सांगितलं असतं तर तू "शहाणे, पुरे" म्हणून हसण्यावारी नेलं असतंस, म्हणून लिहिते. दोघांना वाचून दाखव. भावोजींना म्हणावं, अंधारात त्या उतारावर गाडी चालत्या माणसाच्या गतीने न्या. बाबांना मी दिलेला काळा कोट लपवून ठेव. विचारलंच तर कसर लागली म्हण. सोबत पांढरा पाठवतेय. "मी काय डॉक्टर आहे?" म्हणतील. म्हणू देत. भांड, रड, पण घालायला लाव.

हे वाचता वाचता दिवस मावळला असेल तर पत्र तिथेच टाक आणि फाटकाशी जा. बाबा आत येईपर्यंत हलू नकोस.

तुझी,
घाबरलेली शहाणी