उशीखालची दुसरी किल्ली

छोट्या,

आईला पुन्हा धाप लागली, टॅक्सीने दवाखान्यात नेतेय. गाडीने ऐन वेळी दगा दिला. बटण दाबून अंगठा दुखला, दार उघडेना. किल्लीच्या पोटातली लोखंडी किल्ली काढून उघडलं, तर आत एक दिवा लागेल तर शपथ. नवी बॅटरीही उतरली.

मेकॅनिकला फोनवर फैलावर घेऊ नकोस. तो म्हणतो, किल्ली गाडीजवळ राहिली की गाडी रात्रभर जागी राहते आणि बॅटरी संपते. आपली किल्ली तर स्वयंपाकघरात असते. मग आठवलं, बाबांच्या खाटेच्या भिंतीपलीकडेच गाडी असते. त्यांची उशी उचलली. 'हरवलेली' दुसरी किल्ली तिथे होती, रुमालात गुंडाळलेली. आपण त्यांचं गाडी चालवणं बंद केलं तेव्हापासूनच असणार.

आई धापा टाकत होती तेव्हा बाबा बूट घालून गाडीपाशी उभे होते. "सरक, मी नेतो," म्हणाले. तू घरी येशील तेव्हाही बूट काढले नसतील.

तू तोंड सोडशील, म्हणून लिहितेय. त्यांना काही विचारू नकोस. ते अंघोळीला गेले की किल्लीतला सेल काढ आणि किल्ली रुमालात गुंडाळून होती तिथेच ठेव.

ताई