दोघांची वाटणी

३ मार्च, शनिवार. जंक्शनची वेटिंग रूम.

लेक पाच वर्षांची असताना आम्ही दोघी अशाच एका स्टेशनावर उकडलेलं अंडं वाटून खायचो. पांढरं तिचं, पिवळं माझं. सोलायची ती, मीठ लावायची मी. गाडी फलाटाला लागली तरी तिचं सोलणं चालूच — नखाएवढं टरफल राहिलेलं तिला खपायचं नाही. हे डब्याच्या दारातून म्हणायचे, "अंड्यासाठी गाडी थांबवलीय म्हणे ड्रायव्हरनं." बाकी त्या प्रवासांतलं काही आठवत नाही. कुठे जायचो तेसुद्धा.

आज तीच लेक दारात मोजून चार वाक्यं बोलली. डबे. धाकट्याचं खोकल्याचं औषध. परतीची सव्वाचारची गाडी चुकवू नकोस. आणि "त्याला म्हणावं, निळा स्वेटर परत पाठव."

'त्याला' म्हणजे जावयांना. वर्ष झालं दोघं वेगळे राहतात. मारहाण नाही, तिसरं माणूस नाही — बोलणंच आटलं, इतकंच. दर दुसऱ्या शनिवारी मी दोन्ही नातवंडांना घेऊन सात चाळीसच्या गाडीने इथवर येते, जावई दुसऱ्या बाजूने येतात. साडेदहाला कॅन्टीनमध्ये मुलं त्यांच्या हवाली करायची, चारला परत घ्यायची. मधला वेळ ही खोली आणि ही वही. झाडणारी मावशी आज म्हणाली, "आजी, ही खुर्ची आता तुमच्या नावावरच करून टाकू."

नात आठ वर्षांची. सगळ्यांना शिस्त लावते म्हणून तिला मी मास्तरीण म्हणते. नातू चारचा, गोलमटोल — ढब्बू.

आज मुलांना सोपवताना जावयांनी हळूच सांगितलं. एक मेपासून बदली. इथून दोन दिवसांचा प्रवास. म्हणजे हे शनिवार संपले. त्यांना दोन्ही मुलं हवीत. लेकीलाही दोन्ही हवीत.

चार वाजायला अजून दीड तास आहे.

६ मार्च, मंगळवार.

मुलं कुणाकडे राहावीत ते ठरवायला नेमलेल्या समुपदेशक बाईंकडे मला एकटीला बोलावलं होतं. लहानशी खोली. कोपऱ्यात खेळण्यांचं खोकं, त्यात छप्पर नसलेलं बाहुलीचं घर. बाईंचा आवाज मऊ. मुलं काय खातात, कधी झोपतात, रडतात का, सगळं विचारलं. मग म्हणाल्या, मुलीच्या आठवड्याला चार रात्रपाळ्या असतात ना लॅबमध्ये? मग दोघांना तुम्हीच बघता. जमतं का, आजी?

जमतं म्हणायला काय लागत होतं! जीभ टाळ्याला लावायची, इतकंच.

मी खरं सांगितलं. मोठी स्वतःचं स्वतः करते, उलट माझंच करते. धाकट्यामागे धावणं आता होत नाही. गुडघे. गेल्या महिन्यात हात सोडून रस्त्यात पळाला, मी जागची हलेपर्यंत स्कूटरवाल्याने करकचून ब्रेक लावला होता. हेही सांगितलं. लेकीला सांगितलं नव्हतं, ते परक्या बाईला सांगितलं.

मिशनच्या शाळेत सिस्टरांनी आम्हाला एकच गोष्ट मनापासून शिकवली — विचारलं की खरं सांगायचं. शाईची दौत कुणी फोडली, तर हिने. मग मैत्रीण दिवसभर व्हरांड्यात उभी आणि मला पवित्र चित्राचं कार्ड बक्षीस. आज बाहेर पडताना तसंच हलकं वाटलं. आपण शहाण्या मुलीसारखं वागलो असं. जिना उतरून खाली आले आणि पुन्हा वर जावं का म्हणून कठडा धरून थांबले.

९ मार्च, शुक्रवार.

लेकीने विचारलं, बाईंनी काय विचारलं? म्हटलं, मुलांच्या खाण्याझोपण्याबद्दल. खोटं नाही. पण खरंही नाही.

१७ मार्च, शनिवार. वेटिंग रूम.

गाडीत खिडकीवरून रणकंदन. शेवटी मास्तरणीने कायदा केला — बोगद्यापर्यंत ढब्बू, बोगद्यानंतर ती. बोगदा आला तेव्हा तो झोपलेला होता. तिने त्याला हलवलं नाही. समोरच्या बाकावरच्या गृहस्थांना म्हणाली, "झोपेत असला की त्याची पाळी संपत नाही."

त्याने उठल्या उठल्या विचारलं, बाबा राहतात तिथे आपण का नाही राहत? मी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात ही म्हणते, "कारण तिथे दोनच खोल्या आहेत." त्याला पटलं. आठ वर्षांची पोर, किती सफाईने खोटं बोलली. मला साठ वर्षांत जमलं नाही.

रात्री, घरी. जावई चारला पाच मिनिटं असताना आले. ढब्बूच्या पायात नवे बूट, दोन नंबर मोठे. म्हणाले, पुढेही होतील. पुढेही म्हणजे कुठे, कुणाकडे, ते मी विचारलं नाही. त्यांचे डोळे सुजल्यासारखे वाटले. निळा स्वेटर आणायला विसरले.

२६ मार्च, सोमवार.

ठरलं. मोठी आईकडे. धाकटा वडिलांकडे, कारण जावयांची बहीण त्यांच्याकडेच राहते, ती दिवसभर घरी असते. दर दिवाळीच्या सुट्टीत दोघं तीन आठवडे एकत्र.

लेकीने कागद वाचले, घडी घातली, खणात ठेवले. स्वयंपाकघरात जाऊन बटाटे सोलायला बसली. एकेका बटाट्याची साल सलग काढत होती. मी म्हटलं, सही केलीस? म्हणाली, केली. दोघांनीही केली. कोर्टात ओढाओढी झाली असती तर मुलांना उभं केलं असतं तिथे.

मला खरं कारण कुणी सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

२९ मार्च, गुरुवार.

बाईंकडे गेले. न बोलावता. दोन जिने न थांबता चढले, जणू कुणी वरून बघत होतं. धाप लपवायला दाराबाहेर भिंतीवरचे सगळे कागद वाचले. मग आत जाऊन म्हटलं, मी त्या दिवशी खोटं सांगितलं. मला दोघं जमतात. गुडघ्यांचं काही नाही. ते स्कूटरचंही मी वाढवून सांगितलं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "आजी, खोटं तेव्हा की आत्ता?"

साठ वर्षांनी एक खोटं बोलायला गेले आणि तेही धड आलं नाही.

त्यांनी पाणी दिलं. म्हणाल्या, दोघांच्या सह्या झाल्यात, दोघांनी मिळून बदल मागितला तरच काही होईल. आणि स्वतःला दोष देऊ नका, बाकीच्याही गोष्टी होत्या. मग सहज म्हणाल्यासारखं — "मुलीशी बोला ना. तिच्याकडे अहवालाची प्रत आहेच. त्यात तुमचं सगळं म्हणणं आहे."

म्हणजे तिने वाचलंय. सोमवारपासून तिला माहीत आहे. सोमवारपासून ती मला सकाळचा चहा आणून देतेय.

३१ मार्च, शनिवार. वेटिंग रूम.

आज लेकही आली. वर्षात पहिल्यांदा दोघं एका टेबलाशी बसले. मुलांना सांगायचं होतं. मी बाहेर थांबले, काचेतून दिसत होतं. जावई बोलत होते, लेक टेबलावरचे पावाचे कण बोटाने गोळा करत होती. ढब्बू स्ट्रॉने ग्लासात बुडबुडे काढत होता.

नंतर लेकीनेच सांगितलं. ढब्बूने विचारलं, "किती झोपा?" किती वेळा झोपून उठलं की ताई भेटेल, असं. जावयांनी बोटं मोजायला घेतली आणि मध्येच उठून पाणी आणायला गेले.

मास्तरणीने फक्त एवढंच विचारलं — कपाटातला त्याचा खण मग कुणाचा?

४ एप्रिल, बुधवार.

वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होतो. ढब्बूचा मोजा हातात धरून लेक म्हणाली, "तिसऱ्या पानावर आहे, आई. स्कूटरचं."

मी म्हटलं, मग बोलली का नाहीस? भांडायचं तरी.

"काय भांडू? खरंच होतं ते."

मग मोजा बाजूला ठेवून, माझ्याकडे न बघता — "तुझे गुडघे मला दिसत नव्हते का? रोज दिसत होते. मी मुद्दाम विचारायची नाही. कारण विचारलं असतं तर तू खरं सांगितलं असतंस. मग मला पाळ्या सोडाव्या लागल्या असत्या."

मला वाटलं होतं ती मला बोल लावेल. ते सोसलं असतं. हे कसं सोसायचं!

घड्या संपल्या. मोजा जोडीशिवायच राहिला.

१४ एप्रिल, शनिवार. वेटिंग रूम.

नेहमीसारखी शेवटची फेरी. पुढच्या वेळी दोघांना आणायचं आणि एकालाच परत न्यायचं.

साडेदहाला जावई म्हणाले, "आई, तुम्ही याल का त्याच्याबरोबर? तो रुळेपर्यंत. माझी ताई सगळं करेल त्याचं, पण त्याला रात्री तुम्ही लागता. मला माहीत आहे." ते लेकीला सोडून गेले तरी मला आई म्हणायचे थांबले नाहीत. मी म्हटलं, आणि मोठीला कोण? हिच्या रात्रपाळ्या असतात. त्यांनी ढब्बूचा हात धरून शेजारीच उभ्या असलेल्या मास्तरणीकडे बघितलं. मग म्हणाले, हो, तेही खरंच.

खरंच, खरंच. या शब्दाचा मला वीट आलाय.

रात्री, घरी. परतताना ढब्बू मांडीवर झोपला. पाय सुन्न झाला तरी मी हलवला नाही. मास्तरीण समोर बसून माझ्याकडे बघत होती. दुकानदार वजनकाट्याकडे बघतो तशी.

१९ एप्रिल, गुरुवार.

लेकीला दिवसपाळी मिळाली. कायमची, पुढच्या सोमवारपासून. मागच्या आठवड्यात अर्ज केला होता, मला बोलली नव्हती. वर्षभर आधी मिळाली असती तर! मी म्हटलं तसं. ती म्हणाली, वर्षभर आधी मी मागितलीच नव्हती.

२२ एप्रिल, रविवार.

मास्तरीण तीन दिवस माझ्याजवळ झोपत नाही. उशी घेऊन आईच्या खोलीत गेली. काल गोष्ट सांगायला बसले तर म्हणाली, "मला त्या गोष्टी आता लहान मुलांच्या वाटतात. त्यालाच सांग." चहात बुडवून बिस्किट दिलं तर म्हणते, मी आता कोरडंच खाते. वेणीही आईकडून घालून घेते. लेकीला धड तीन पेड घालता येत नाहीत, दुपारपर्यंत वेणी सुटते. सुटलेल्या वेणीने फिरते, पण माझ्याकडे येत नाही.

रागावली असेल. कुणी सांगितलं असेल तिला, आजीमुळे झालं. किंवा कुणी सांगितलंही नसेल. त्या पोरीला सांगावं लागत नाही.

मनाला लागलं. लिहून ठेवते, इतकंच.

२५ एप्रिल, बुधवार.

खेळण्यांची वाटणी चालू आहे. ठोकळे रंगांवरून वाटले. पुस्तकं कुणाला किती पाठ आहेत त्यावरून. ज्याला पाठ आहे त्याला पुस्तक नको, हा मास्तरणीचा नियम. त्यामुळे जवळजवळ सगळी ढब्बूकडे गेली. तो म्हणाला, "ताई, तू पण माझ्या बॅगेत बस." तिने पाय दुमडून बसून दाखवलं. झाकण लागलं नाही. दोघं हसून हसून लोळले.

मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला.

२७ एप्रिल, शुक्रवार.

दुपारी मास्तरणीने आईच्या हातात एक कागद दिला. वाटणीची यादी, पट्टीने रेघा मारलेली. लेकीने ती डब्यातल्या लाल पेन्सिलने तपासली, लॅबमध्ये नळ्या तपासते तशी, एकेका ओळीपुढे खूण करत. शेवटच्या ओळीवर थांबली. नातीकडे बघितलं. नात खिडकीबाहेर बघत होती, वेणी सुटलेली. लेकीने त्या ओळीपुढेही खूण केली. मग माझ्यापुढे कागद ठेवला आणि जावयांना फोन लावायला आत गेली.

मी माळ्यावरून माझी बॅग काढलीय. यादी जशीच्या तशी उतरवून ठेवते.

लाल ठोकळे, पिवळे ठोकळे — ढब्बूला.
निळे, हिरवे — मला.
टॉर्च — ढब्बूला. सेल बाबांनी घालावे.
कपाटातला त्याचा खण — रिकामा ठेवायचा. कुणी काही ठेवू नये.
कात्री — मला. तो लहान आहे.
आई — मला.
बाबा — ढब्बूला.
आजी — ढब्बूला. त्याला गोष्टीशिवाय झोप येत नाही. मला येते. सुट्टीत परत आणून द्यावी.